पोलादपूरच्या उतारासाठी पहिली माउंटन सायकल : आधी ब्रेक बघा, शॉकर नंतर

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू झाले. त्या दिवशी सगळीकडे चर्चा होती ती ३५० सीसीपर्यंतच्या बाइकची आणि छोट्या गाड्यांची, कारण त्यांचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याच यादीतली एक ओळ मात्र फारशी कुणी वाचली नाही. सायकल आणि सायकलचे सुटे भाग यांच्यावरचा कर १२ वरून ५ टक्के झाला.

आता शॉपिंग अ‍ॅप उघडून 'एमटीबी' असं टाकून बघा. डबल शॉकर, ड्युअल डिस्क, २१ गिअर, जाड टायर, फ्रेमवर भलीमोठी अक्षरं. काही सायकलींवर चक्क 'डाउनहिल' लिहिलेलं असतं आणि किंमत एखाद्या मिड-रेंज फोनएवढी. महाड किंवा पोलादपूरमध्ये राहणाऱ्या कॉलेजच्या पोराला याचा मोह पडणारच. इथे दाराबाहेर पडलं की डोंगर. एका बाजूला आंबेनळी, एका बाजूला कशेडी, महाडहून भोरकडे वरंध. ज्या उतारासाठी शहरातली माणसं गाडीवर सायकल बांधून येतात, तो उतार इथे शाळेच्या मागे सुरू होतो.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. त्या पैशात मिळणारी सायकल हा उतार झेपवू शकते का? आणि झेपवायची असेल तर आपले मोजके पैसे आधी कुठे घालायचे?

कर कमी झाला, म्हणजे हातात किती आले?

सोपा हिशोब करू. कर धरण्याआधी एका सायकलची किंमत २०,००० रुपये असेल, तर आधी ती २२,४०० ला पडायची. आता २१,००० ला पडायला हवी. म्हणजे १,४०० रुपयांचा फरक. एकूण किमतीच्या साधारण सव्वासहा टक्के. अर्थात दुकानदाराने तो फरक पुढे दिला तरच.

या १,४०० रुपयांत सायकलचा दर्जा एक पायरी वर जात नाही, हे आधी समजून घ्या. २१ गिअरच्या जागी २४ गिअरची सायकल मिळेलही, पण उतारावर त्याचा उपयोग शून्य. याच पैशात एक बरं हेल्मेट मात्र येतं. करकपातीचा सगळ्यात शहाणा वापर तोच.

'डाउनहिल' सायकल म्हणजे नक्की काय?

रीलमध्ये आपण जे बघतो, ते बहुतेक वेळा रेड बुल रॅम्पेजसारख्या स्पर्धेतलं असतं. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वाळवंटी कड्यांवर ही स्पर्धा २००१ मध्ये सुरू झाली. तिथल्या किंवा डाउनहिल शर्यतींतल्या सायकली ही एक वेगळीच जात आहे. पुढचा आणि मागचा शॉकर साधारण २०० मिलिमीटर दबतो. पुढचा चिमटा मोटारसायकलसारखा दोन पट्ट्यांनी धरलेला असतो. ब्रेक तेलाचे आणि डिस्क मोठ्या. हँडलखालची नळी जमिनीशी ६२-६४ अंशांचा कोन करते, म्हणजे पुढचं चाक बरंच पुढे असतं आणि तीव्र उतारावर सायकल पुढे पलटी व्हायची भीती कमी होते. अशा सायकलीची किंमत लाखांत असते आणि चढावर ती ढकलतच न्यावी लागते.

आपल्या बजेटमधल्या 'माउंटन' सायकलीचा शॉकर दबतो ६० ते १०० मिलिमीटर आणि नळीचा कोन असतो ७० अंशांच्या आसपास. म्हणजे ती कच्च्या रस्त्याची सायकल आहे. यात वाईट काही नाही. वाईट आहे ते तिच्यावरचं स्टिकर.

स्टिकरपेक्षा भरवशाची गोष्ट सायकलसोबत येणाऱ्या पुस्तिकेत सापडते. अमेरिकेच्या एएसटीएम या मानक संस्थेने सायकलींचे वापरानुसार वर्ग ठरवलेत आणि बऱ्याच कंपन्या तोच आकडा फ्रेमवर किंवा पुस्तिकेत छापतात :

- वर्ग १ : फक्त डांबरी रस्ता.
- वर्ग २ : खडीचा, कच्चा रस्ता. उडी किंवा पायरी १५ सेंटिमीटरपर्यंत.
- वर्ग ३ : खडबडीत पायवाट. उडी ६१ सेंटिमीटरपर्यंत.
- वर्ग ४ : अवघड उतार. उडी १२२ सेंटिमीटरपर्यंत.
- वर्ग ५ : डाउनहिल, मोठ्या उड्या, ताशी ४० किलोमीटरच्या वरचा वेग.

पुस्तिकेत वर्ग २ लिहिलेलं असेल आणि तुम्ही शेताच्या बांधावरून उडी मारलीत, तर फ्रेमला तडा गेल्यावर वॉरंटीचा दावा करताना अडचण येणार. बऱ्याच वॉरंटींमध्ये उड्या आणि स्टंट वगळलेलेच असतात. विकत घेण्याआधी दुकानदाराला पुस्तिका मागा. 'सब चलता है' असं उत्तर मिळालं, तर पुढच्या दुकानात जा.

आंबेनळीचा हिशोब

आता आपला उतार घेऊ. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास. तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूर साधारण ४० किलोमीटर. खाली येईपर्यंत आपण सुमारे सव्वा किलोमीटर उंची गमावतो.

६५ किलोचा स्वार आणि १५ किलोची सायकल, एकूण ८० किलो. एवढं वजन सव्वा किलोमीटर खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते ती साधारण ९८० किलोज्यूल. फोनच्या भाषेत सांगायचं, तर ५,००० एमएएचची बॅटरी शून्यापासून पूर्ण चार्ज करायला लागते त्याच्या जवळपास १४ पट. किंवा तीन लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापवायला लागेल एवढी. यातला काही भाग हवेच्या आणि टायरच्या विरोधात जातो. उरलेला सगळा तुमच्या ब्रेकमध्ये उष्णता बनतो. दोन छोट्या पत्र्यांच्या चकत्या आणि नखाएवढे चार पॅड, यांच्यावर हा सगळा भार.

म्हणून या भागात सायकल निवडताना प्रश्नांचा क्रम बदलतो. सपाट गावात गिअर आधी बघतात. इथे ब्रेक आधी. सायकल वर चढली नाही, तर आपण उतरून ढकलू शकतो. उतारावर थांबली नाही, तर दुसरा उपाय नाही. समोरून एसटी येत असते आणि कठड्यापलीकडे दरी. जुलै २०१८ मधला आंबेनळीचा बस अपघात पोलादपूर अजून विसरलेलं नाही. हा घाट कुणालाच गृहीत धरू देत नाही.

ब्रेक : तारेचा की तेलाचा?

जाहिरातीत 'डिस्क ब्रेक' एवढंच लिहितात. पण त्यात दोन प्रकार आहेत.

पहिला तारेचा. लिव्हर दाबला की तार ओढली जाते आणि पॅड डिस्कला चिकटतो. कमी किमतीच्या सायकलींत हाच असतो. स्वस्त, समजायला सोपा, आणि तार तुटली तर महाडमधलं कुठलंही सायकलचं दुकान बदलून देतं. पण याचा एक दोष घाटात नेमका उघडा पडतो. पॅड झिजला की लिव्हर हळूहळू हँडलच्या जवळ येत जातो आणि तो आपोआप सावरत नाही. वर असताना कडक वाटलेला ब्रेक अर्ध्या घाटात ढिला लागतो. उपाय हातातच आहे. लिव्हरजवळचा गोल स्क्रू आणि कॅलिपरवरचा पॅड जवळ आणायचा स्क्रू कसा फिरवायचा हे दुकानातच शिकून घ्या, आणि उतरताना मध्ये थांबून तपासा.

दुसरा तेलाचा, म्हणजे हायड्रॉलिक. दोन बोटांत थांबतो, पॅडची झीज बऱ्यापैकी स्वतः भरून काढतो, लांब उतारावर हात भरून येत नाहीत. उतारासाठी हाच चांगला, यात वाद नाही. पण तो सहसा ३० हजारांच्या पुढच्या सायकलींत मिळतो, आणि नळीत हवा शिरली तर ती काढायला साहित्य आणि माहितगार मेकॅनिक लागतो. इथेच एक मोठी चूक होऊ शकते. जवळ सायकलचा मेकॅनिक नाही म्हणून माणूस मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये जातो आणि तिथे हाताशी असलेलं डॉट ब्रेक ऑइल भरून घेतो. शिमानो आणि टेक्ट्रोच्या सायकल ब्रेकमध्ये मिनरल ऑइल लागतं. डॉट ऑइल त्यातले रबरी सील खराब करतं, आणि तसा ब्रेक भर उतारावर दगा देऊ शकतो. कुठलं तेल ते ब्रेकवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. तेवढं वाचाच.

मग घ्यायचं काय? बजेट ३० हजारांच्या पुढे असेल आणि वर्षातून दोनदा पुण्या-मुंबईला सर्व्हिसिंगला नेता येत असेल, तर तेलाचा. नसेल, तर नावाजलेल्या कंपनीचा तारेचा डिस्क ब्रेक आणि तो स्वतः आवळायची सवय. रिमला घासणारा ब्रेक मात्र इथे नको. महाबळेश्वर-पोलादपूरच्या पावसात रिम चिखलाने माखते आणि रबर नुसतं घसरतं.

पॅडमध्येही फरक असतो. रेझिनचा पॅड आवाज कमी करतो, पण ओल्या चिखलात लवकर झिजतो. धातूमिश्रित पॅड पाऊस आणि उष्णता दोन्ही जास्त सोसतो. पण काही स्वस्त डिस्कवर 'फक्त रेझिन पॅड' असं कोरलेलं असतं. त्या डिस्कला धातूचा पॅड लावला, तर डिस्कच खाल्ली जाते.

शॉकर : मेगापिक्सेलचा खेळ

फोन घेताना आपण एक धडा शिकलोय. २०० मेगापिक्सेल लिहिलं म्हणून फोटो चांगला येतोच असं नाही. सायकलमध्ये तोच खेळ शॉकरचा आहे.

शॉकरची कामं दोन. धक्का झेलणं आणि झेललेला धक्का हळूहळू सोडणं. पहिलं काम स्प्रिंग करते. दुसरं काम डॅम्पर करतो, तो ती ऊर्जा उष्णतेत घालवतो. स्वस्त शॉकरमध्ये नुसती स्प्रिंग असते. म्हणजे दगडावर दबली की तेवढ्याच जोराने तुम्हाला वर फेकणार. सलग चार दगड आले, की पुढचं चाक जमिनीवर टेकतच नाही. आणि जे चाक जमिनीवर नाही, ते वळतही नाही आणि थांबतही नाही.

दुकानात तपासणं सोपं आहे. पुढचा ब्रेक दाबून धरा, हँडलवर पूर्ण वजन टाका आणि पटकन सोडा. शॉकर सावकाश वर आला, तर डॅम्पिंग आहे. टुणकन उसळला, तर तो पोगो स्टिक आहे.

मागच्या शॉकरची गोष्ट आणखी सरळ आहे. २५ हजारांच्या आत डबल शॉकर घेऊच नका. त्यात जास्तीचे तीन-चार किलो वजन येतं, मागचे सांधे काही महिन्यांत खुळखुळायला लागतात आणि त्या खुळखुळ्याचा खर्च कंपनीने ब्रेक आणि चाकांतून वाचवलेला असतो. पुढे एक शॉकर, मागे सरळ घट्ट फ्रेम, म्हणजे ज्याला हार्डटेल म्हणतात, तीच पहिली सायकल. उतार वाचायला, गुडघे-कोपर वाकवून धक्का झेलायला हार्डटेलच शिकवते. तुमचे गुडघे हा सगळ्यात भारी शॉकर आहे, आणि तो फुकट आहे.

टायर आणि साइज

इथली जमीन दोन प्रकारची. उन्हाळ्यात जांभ्याची सुटी लाल खडी, पावसात त्याच खडीवर चिखल आणि कातळावर शेवाळ. टायर २.१ ते २.४ इंच रुंद हवा आणि गोट्या खोल हव्यात. पंक्चरवाला सहसा दगडासारखी कडक हवा भरतो. डांबरावर ते चालेल, पायवाटेवर सायकल उसळते. टायरच्या कडेला छापलेल्या मर्यादेत राहून, हलका स्वार असेल तर ३० पीएसआयच्या आसपासपासून सुरुवात करा आणि रिम दगडाला लागत नाही ना ते बघा. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असेल तर उत्तम, म्हणजे रस्त्यात कुठेही हवा भरता येते.

साइज उंचीप्रमाणे घ्या, 'पुढे वाढेल' म्हणून मोठी नको. सायकलवर पाय टाकून उभं राहिल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकून नळी आणि शरीर यांत दोन-तीन इंच मोकळी जागा राहिली पाहिजे. उतारावर घाईत खाली उतरायची वेळ येते, तेव्हा ही जागा कामाला येते.

२५ हजारांचं वाटप

समजा घरून २५,००० मंजूर झाले. सगळे सायकलवर घालू नका. अंदाजे असं वाटून बघा :

- सायकल : २०,०००
- हेल्मेट : २,०००
- हातमोजे आणि गुडघ्याचे पॅड : १,५००
- हातपंप, जादा ट्यूब, टायर लिव्हर, एलन चाव्या : १,०००
- महिन्याभराने पहिली सर्व्हिसिंग : ५००

हेल्मेटवर ईएन १०७८ किंवा सीपीएससी लिहिलंय का बघा, ही सायकल हेल्मेटची मानकं आहेत. हनुवटी झाकणाऱ्या डाउनहिल हेल्मेटसाठी एएसटीएम एफ १९५२ हे मानक आहे, पण ते पुढच्या टप्प्यावर. मोटारसायकलचं हेल्मेट घालून चढ चढायला जाल, तर उकाड्याने पहिल्याच वळणावर काढून हँडलला अडकवाल. मग त्याचा काय उपयोग?

सायकल ऑनलाइन मागवली, तर ती अर्धवट जोडलेली येते. हँडल, पुढचं चाक, पॅडल आपल्याला लावावे लागतात. घाईत पुढचा चिमटाच उलटा बसतो, ही नेहमीची चूक. साधी खूण म्हणजे डिस्क सायकलवर बसणाऱ्याच्या डाव्या हाताला असते. ती उजवीकडे दिसली, तर चिमटा उलटा आहे. जोडणीचे दोनशे-तीनशे रुपये गावातल्या मेकॅनिकला द्या. त्याची ओळखही होते, आणि पुढे तोच लागणार आहे. जुनी सायकल घेत असाल, तर हँडलखाली जिथे नळ्या जुळतात तिथे रंगाला केसासारखी रेघ आहे का ते फोनचा टॉर्च मारून बघा. ती रेघ म्हणजे तडा असू शकतो. तिथे घासाघीस करू नका, निघून या.

कुठे चालवायची?

पहिले दोन महिने घाट नकोच. गावाबाहेरचा माळ, वाडीकडे जाणारा कच्चा रस्ता, शेतातली बैलगाडीची वाट, एवढं पुरे. उतारावर दोन्ही ब्रेक मिळून, थोडे दाबायचे, थोडे सोडायचे. सतत धरून ठेवले की पॅड तापतो आणि पकड कमी होते. वजन मागे, नजर चाकाच्या पुढच्या दगडावर न ठेवता दहा मीटर पुढे.

रायगडाच्या पायऱ्यांवर सायकल घालायची कल्पना कुणाच्या डोक्यात असेल, तर ती तिथेच सोडा. तो संरक्षित किल्ला आहे आणि त्या पायऱ्यांवर माणसं श्रद्धेने चढत असतात. जंगलातल्या वाटेसाठी वनखात्याला विचारा, शेतातून जायचं तर मालकाला. एका पोराने उभं पीक तुडवलं, की पुढच्या दहा जणांची वाट बंद होते.

आणि जून ते सप्टेंबर डोंगर उतारांपासून लांब राहा. तळीयेची दरड जुलै २०२१ मधलीच आहे. चार दिवस सलग पाऊस झाल्यावर कुठला उतार सुटेल, हे कुठलंही अ‍ॅप सांगत नाही.

फोनचं काय?

घाटात रेंज जाते, म्हणून नकाशा घरीच ऑफलाइन डाउनलोड करा आणि कुठल्या वाटेने जाणार ते घरी सांगून निघा. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. फोन हँडलला लावू नका, खिशात किंवा बॅगेत ठेवा. मोटारसायकलच्या जोरदार कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असं अ‍ॅपलने स्वतः २०२१ मध्ये कळवलं होतं. खडीचा उतारही काही कमी हादरे देत नाही.

स्ट्राव्हासारखं अ‍ॅप चढाची वेळ मोजायला छान आहे. सार्वजनिक घाटात उताराची वेळ मोजू नका. तिथला पहिला नंबर कुणाला नको असतो, पण दुसऱ्या वळणावर एसटी येतेय की नाही हे त्या यादीत दिसत नाही.

शेवटी, दुकानात गेल्यावर विक्रेता शॉकर दाबून दाखवेल, गिअर मोजून दाखवेल. तुम्ही त्याला एकच सांगा : आधी चक्कर मारू द्या. समोरच्या रस्त्यावर वेग घ्या, दोन बोटांनी ब्रेक दाबा आणि सायकल कुठे थांबते ते बघा. मनासारखी थांबली, तरच पैशांचं बोला.